हमीभाव ग्राहकाच्या खिशातून : कॉफीवरच्या एका शिक्क्याची गोष्ट



हमीभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकार येतं. सीसीआयचं केंद्र, नाफेडची खरेदी, ओलाव्याचं मशीन आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग. पण जगात एक हमीभाव असाही आहे, जो कुठल्या सरकारनं जाहीर केलेला नाही. दुकानात कॉफीचं पाकीट उचलणारा माणूस तो देतो. 'फेअर ट्रेड' म्हणजे रास्त व्यापार हे नाव आता आपल्या एफपीओंच्या बैठकांतही ऐकू यायला लागलंय. कंपनीची माणसं येतात, शिक्का दाखवतात, 'प्रीमियम मिळेल' म्हणतात. हा शिक्का आला कुठून आणि त्यातून शेतकऱ्याच्या हातात नेमकं काय पडतं, यावर आज जरा सविस्तर लिहितो.

मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे. डोंगराळ मुलूख, सावलीतली कॉफी, दोन-चार हेक्टरवाले आदिवासी शेतकरी. गावात माल घ्यायला येणाऱ्या दलालाला तिथं 'कोयोट' म्हणतात. कोयोट हा आपल्या कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतला प्राणी; आता नाव का पडलं ते वेगळं सांगायला नको. तंगीच्या महिन्यांत उचल द्यायची, काढणीला तो सांगेल त्या भावानं माल घ्यायचा, काटाही त्याचाच. आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, ही पद्धत तो तोंडपाठ सांगेल.

१९८० च्या सुमारास फ्रान्स व्हान डर हॉफ नावाचा एक डच पाद्री तिथं येऊन राहिला. गावकऱ्यांबरोबर शेतात राबायचा. लोकांनी बसून हिशोब मांडला की आपल्याला किलोला किती मिळतं, बंदरावर ती कॉफी किती रुपयांची होते आणि मधलं कोण खातं. त्यातून १९८३ मध्ये अनेक गावांची मिळून 'उसिरी' ही संघटना उभी राहिली. माल एकत्र करायचा, कोयोटला वगळायचं आणि सरळ परदेशात विकायचा.

विकायचा, पण कुणाला? युरोपात तेव्हा गरीब देशांतल्या लोकांचा माल विकणारी छोटी दुकानं होती. हॉलंडमधलं असलं पहिलं दुकान १९६९ मध्ये ब्रॉइकेलन गावात निघालं. तिथं जाणारा ग्राहक मुळातच कळकळीचा असायचा, पण असे लोक मूठभर. बाकीचा देश किराणा सुपरमार्केटमधून भरायचा. उसिरीची मागणी साधी होती : देणग्या पाठवता त्याबद्दल आभार, पण कॉफीला भाव दिलात तर देणगीची गरजच पडणार नाही.

व्हान डर हॉफ आणि सॉलिडारिडाड संस्थेचे निको रोझेन यांनी यावर जो तोडगा काढला तो मला फार हुशारीचा वाटतो. (ही संस्था आता आपल्याकडं सोयाबीन-कापसातही काम करते, काहींना माहीत असेल.) स्वतःचा ब्रँड काढून मोठ्या कंपन्यांशी झुंजायच्या भानगडीत न पडता त्यांनी फक्त शिक्का काढला. कुठल्याही कंपनीनं कॉफी विकावी. अटी पाळल्या तर पाकिटावर शिक्का लावायची परवानगी. म्हणजे ग्राहकाला दुकान बदलायची गरज उरली नाही, नेहमीच्याच फळीवरचं वेगळं पाकीट उचललं की झालं. १५ नोव्हेंबर १९८८ ला हा शिक्का बाजारात आला. नाव ठेवलं 'माक्स हावेलार'.

हे नाव एका कादंबरीतलं. एदुआर्द दावेस देकर हा डच अधिकारी १८५६ मध्ये जावा बेटावर लेबाक इथं नेमणुकीला होता. डच सरकारनं तिथं १८३० पासून सक्तीच्या लागवडीची पद्धत चालवलेली. गावाच्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार म्हणेल त्या पिकाखाली, दर सरकार ठरवील तो. हे कागदावर, प्रत्यक्षात जाच त्याहून मोठा. देकरनं राजीनामा दिला आणि १८६० मध्ये 'मुल्टाटुली' या टोपणनावानं कादंबरी प्रसिद्ध केली. शाळेत या पुस्तकाचं नाव ऐकलेल्या डच ग्राहकाला पाकिटावर ते दिसलं की वेगळं काही समजवावं लागत नव्हतं.

आता अटी बघू, कारण खरा मुद्दा तिथं आहे. बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या किमान भावाच्या खाली जायचं नाही. बाजार वर गेला तर बाजारभाव द्यायचा. त्यावर प्रीमियम वेगळा. तो एकेकट्याच्या खिशात न जाता संघटनेकडं जातो आणि कशावर खर्चायचा ते सभासदांची सभा ठरवते. शिवाय संघटनेनं मागितली तर कराराच्या रकमेतली ६० टक्क्यांपर्यंत उचल खरेदीदारानं आधी द्यायची. ही शेवटची अट थेट कोयोटच्या पोटावर पाय देणारी होती.

शिक्का निघून वर्षही झालं नव्हतं आणि त्याची परीक्षा झाली. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारानं देशोदेशीचे निर्यात कोटे ठरवून भाव सावरून धरले होते. जुलै १९८९ मध्ये हे कोटे मोडले. पौंडाला (म्हणजे ४५४ ग्रॅमला) १ डॉलर २० सेंटच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत निम्म्याच्या जवळ आला. त्याच सुमारास मेक्सिकोची सरकारी कॉफी संस्था खरेदीतून अंग काढून घेत होती. पुढं २००१ मध्ये भाव ५० सेंटच्याही खाली घसरला. तेव्हा शिक्क्याचा किमान भाव होता १ डॉलर २१ सेंट आणि वर ५ सेंट प्रीमियम. दुपटीहून जास्त फरक! उसिरीनं गावं जोडणारी बस चालवली, शेतीशाळा काढली.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मग आणा की तो शिक्का उद्याच. थांबा.

हा हमीभाव फक्त शिक्क्याखाली विकल्या गेलेल्या मालाला आहे. संघटना प्रमाणित झाली म्हणजे सगळा माल त्या भावानं गेला, असं होत नाही. ग्राहक जेवढी पाकिटं उचलतील तेवढाच. पहिल्या दशकात खुद्द हॉलंडमध्ये शिक्क्याच्या कॉफीचा वाटा दोन-तीन टक्क्यांवरच अडकला. त्यामुळं कित्येक संघटनांचा बराच माल शिक्क्याच्या अटी पाळून पिकतो आणि साध्या बाजारात साध्या भावानं जातो. तपासणीची फी मात्र पूर्ण भरावी लागते. दुसरी अडचण उलट्या बाजूची. ऑगस्ट २०२३ मध्ये किमान भाव १ डॉलर ४० वरून १ डॉलर ८० सेंट केला, पण २०२५ च्या सुरुवातीला बाजारच ४ डॉलरच्या वर गेला. अशा वेळी दलाल बांधावर रोख पैसे मोजतो आणि संघटनेचे सभासद माल बाहेर घालतात. एफपीओ चालवणाऱ्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

लॅटिन अमेरिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांना आणखी एक खटकलं. शिक्का युरोपात ठरतो, नियमही तिथूनच येतात आणि काही पिकांत मोठे मळेही त्यात घेतले जातात. म्हणून २००६ मध्ये त्यांनी फक्त छोट्या उत्पादकांचं स्वतःचं चिन्ह काढलं.

ग्राहकानं जास्त मोजून कष्टकऱ्याला जगण्यापुरती मजुरी द्यायची, हा विचार आपल्या मातीतही झालेला आहे आणि हॉलंडच्या पन्नास वर्षं आधी. १९३५ मध्ये गांधीजींनी चरखा संघापुढं प्रश्न टाकला : खादी स्वस्त ठेवण्यासाठी कातणाऱ्या बाईला किती कमी द्यायचं? आठ तासांच्या कताईला आठ आणे द्यावेत असं त्यांचं म्हणणं. खादी महागली तर विकणार कोण, ही कार्यकर्त्यांची भीतीही खोटी नव्हती. शेवटी मजुरी वाढली, पण आठ आण्यांपर्यंत पोचली नाही. त्याच काळात वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा रोज आठ तास कातून, त्याची जी मजुरी होईल तेवढ्यातच जगून बघत होते. दर ठरवणाऱ्यानं त्या दरात स्वतः जगून बघायचं. अशी तपासणी कुठल्याही शिक्क्याच्या नियमावलीत मला सापडली नाही.

कापसालाही हा शिक्का २००४-०५ पासून आहे आणि विदर्भातले काही शेतकरी त्यात आहेत. तिथला हिशोब मी ढोबळ मांडून बघितला. एक टी-शर्ट २०० ग्रॅमचा. सूतगिरणीतली आणि कापणीतली घट धरून २७० ग्रॅम रुई. ३४ टक्के उतारा धरला तर ८०० ग्रॅम कापूस. ७,००० रुपये क्विंटलनं त्याचे ५६ रुपये होतात, आणि त्यात सरकीची किंमतही आली. शेतकऱ्याला दहा टक्के जास्त द्यायचे म्हटले तर शर्टामागं साडेपाच रुपये. मग शिक्का आहे म्हणून दुकानदार शंभर-दोनशे जास्त लावत असेल, तर ते सगळे बांधापर्यंत येत नाहीत, हे सातवीतलं पोरगंही सांगेल.

चहा, साखर, कपडे आपणही विकतच घेतो. 'शेतकऱ्यांकडून थेट' असं पाकिटावर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून मी दोन गोष्टी बघतो : किमान भाव आकड्यात कुठं लिहिलाय का, आणि प्रीमियमचा ठराव कुणाच्या सभेत होतो. एफपीओकडं शिक्का घेऊन कुणी आलं तर तिसरीही विचारा : गेल्या वर्षी तुमच्या बाकीच्या गटांचा शंभर क्विंटलातला किती माल खरोखर शिक्क्याखाली उचलला? उत्तर लेखी मागा, आणि फीचा आकडा त्याच कागदावर घ्या.