ठाण्याची बातमी

दोन राष्ट्रें मैत्रीचा तह लिहावयास बसलीं म्हणजे सैन्य किती द्यावें, जहाजें किती, खर्च कोणाच्या अंगावर पडावा, हें सर्व काळजीपूर्वक नमूद होतें. शत्रूची हालचाल कळल्यास ती मित्रास कळवावी आणि मित्राचा बेत आपल्या पोटांत ठेवावा, हें कलम मात्र पूर्वीं बहुधा गृहीतच धरलेलें असे. ब्रिटन व अमेरिका यांनीं लष्करी बातमीच्या देवघेवीचा स्वतंत्र लेखी करार केला तो १९४३ सालीं, दुसरें महायुद्ध चालू असतांना. तोंवर असें कलम गृहीत धरण्याची किंमत अनेकांनीं मोजली होती. त्याचा दाखला शोधावयास युरोपांत जाण्याचें कारण नाहीं. ठाण्याची खाडी पुरेशी आहे.

इंग्लंड व पोर्तुगाल यांच्या स्नेहाचा तह इ. स. १३८६ चा. १६६१ सालीं दुसऱ्या चार्लस राजाचा विवाह पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन हिच्याशीं ठरला, तेव्हां मुंबई बेट आंदणांत देण्याचें ठरलें, आणि हिंदुस्थानांतील पोर्तुगीज मुलखाचें डचांपासून रक्षण करण्याचें इंग्लंडनें पत्करलें. कागदोपत्रीं याहून जवळचें नातें तें कोणतें? परंतु जांवई व सासुरवाडी यांत जें व्हावयाचें तेंच येथेंही झालें. मुंबईबरोबर साष्टीही आपल्यास मिळावयास हवी होती असें इंग्रज म्हणत. पोर्तुगीज ती सोडीनात. उलट ठाणें व करंजा येथें मुंबईकडे जाणाऱ्या होड्यांवर ते जकात घेत. ही जकात मुंबईकर कधींच विसरले नाहींत.

इ. स. १७३७ मध्यें मराठे साष्टीवर उतरले. या मोहिमेची पूर्वतयारी पाहण्यासारखी आहे. भिवंडीजवळच्या अंजूर गांवचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु यांनीं पेशव्यांच्या दरबारीं वर्षानुवर्षें खेपा घालून साष्टींतील रयतेचें गाऱ्हाणें मांडलें होतें. ठाण्याच्या किल्ल्याचें काम अपुरें होतें. तो पुरा होण्याच्या आंत घाव घातला पाहिजे, हें चिमाजी अप्पांनीं ओळखलें. रात्रीच्या वेळीं खाडी ओलांडून मराठ्यांनीं ठाणें घेतलें. पोर्तुगीज सेनाधिकारी लुइश बोतेल्यु करंजास निघून गेला. हा किल्ला म्हणजेच पुढें ज्याचा तुरुंग झाला तो.

ठाणें गेलें म्हणजे साष्टी गेली, आणि साष्टी गेली म्हणजे वसईचा श्वास कोंडला. म्हणून १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनीं ठाणें परत घेण्याचा निकराचा बेत केला. सेनापति पेद्रो द मेलो यानें सैन्य घेऊन खाडींतून चाल केली. अशा छाप्याचा सगळा जीव त्याच्या अकल्पितपणांत असतो. परंतु हा बेत मुंबईस आधींच कळला होता, आणि मुंबईकरांनीं तो मराठ्यांस कळविला. ठाण्याचा बचाव करावा असा सल्ला दिला, आणि वर दारूगोळाही पुरविला. किल्ल्यावरील लोक जागे होते. पेद्रो द मेलो तोफेच्या गोळ्यानें ठार झाला व त्याचें आरमार माघारी फिरलें.

मराठ्यांस यांत बोल लावण्याजोगें कांहीं नाहीं. शत्रूच्या घरची बातमी कोणीं आणून दिली तर ती घ्यावयाची, हा युद्धाचा नियमच आहे. प्रश्न मुंबईच्या गव्हर्नराचा, जॉन हॉर्न याचा आहे. तो मूर्ख नव्हता. पोर्तुगीज आज ना उद्यां बुडणार, मग उद्यांच्या शेजाऱ्यास आजच उपकृत करून ठेवावें, हा त्याचा हिशेब. गोव्याच्या विजरईनें तक्रार केली, तिचा उपयोग झाला नाहीं. दारूगोळा विकणें हा एक वेळ व्यापार म्हणतां येईल. परंतु स्नेह्याच्या चढाईची वेळ कळविणें याला व्यापार म्हणणें कठीण आहे.

पुढें वसईस वेढा पडला. वेढ्यांतील लोकांनीं मुंबईकडे पैसे मागितले, तेव्हां पंधरा हजार रुपये मिळाले. पण तारण म्हणून देवळांतील चांदीचीं भांडीं आणि पितळी तोफा द्याव्या लागल्या. ज्या तोफांनीं तट राखावयाचा त्याच कर्जाच्या तारणांत गेल्या! मे १७३९ मध्यें वसई पडली. मग मात्र मुंबईकरांची झोंप उडाली. मध्यें असलेला दुबळा शेजारी नाहींसा होऊन बलाढ्य शेजारी थेट वांद्र्याच्या किनाऱ्यावर येऊन बसला होता. शहराभोंवतीं खंदक खणण्यास व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी दिली, आणि कॅप्टन इंचबर्डला घाईघाईनें तहासाठीं चिमाजी अप्पांकडे धाडण्यांत आलें.

पस्तीस वर्षांनीं तोच प्रयोग पुन्हां झाला. पोर्तुगीज साष्टी व वसई परत घेण्यासाठीं आरमार आणीत आहेत, अशी बातमी १७७४ सालीं मुंबईस लागली. इंग्रजांनीं या वेळीं ती कोणास सांगितली नाहीं. स्नेही पोंचण्यापूर्वीं आपणच ठाण्यावर तुटून पडले. कमोडोर वॉटसन या लढाईंत कामास आला. पोर्तुगीज जहाजें बंदराच्या तोंडाशीं आलीं, त्यांनीं निषेध नोंदविला, आणि तेवढ्यावर तें प्रकरण मिटलें. ठाणें डिसेंबरअखेर इंग्रजांच्या हातीं गेलें.

आपल्याकडचे लोक हें पाहून शिकले असें म्हणतां आलें असतें तर बरें झालें असतें. १७७९-८० मध्यें नाना फडणविसांनीं हैदर, निजाम व नागपूरकर भोसले यांस एकत्र जोडलें. पुणेंकरांनीं मुंबईकडे, हैदरानें मद्रासकडे, भोसल्यांनीं बंगाल्यावर जावें, असा हा चौघांचा कट. तो फार उत्तम होता. पण मुधोजी भोसल्यांनीं तो आंतून वॉरन हेस्टिंग्सला कळविला आणि तीस हजार स्वारांची आपली फौज कटकाच्या वाटेवर रेंगाळत ठेवली. निजामही गंतूर परत मिळतांच थंडावला. बंगाल्यास धक्का बसणार नाहीं हें हेस्टिंग्सला कळल्यामुळें, गॉडर्डची बंगाल्याहून आलेली फौज परत बोलाविण्याचें त्याला कारण उरलें नाहीं.

कल्याण तोंवर इंग्रजांनीं घेतलेंच होतें. मे १७८० मध्यें तें परत घेण्यास मराठी फौज आली; परंतु हल्ला चढविण्याच्या आदल्या रात्रीं कर्नल हार्टलेनें तिच्या छावणीवर छापा घातला. डिसेंबरांत गॉडर्डच्या त्याच बंगाली फौजेनें वसई घेतली. वसईच्या मदतीस निघालेले रामचंद्र गणेश दुसऱ्याच दिवशीं, १२ डिसेंबर रोजीं, वज्रेश्वरीजवळ दुगाड येथें दाट धुक्यांत हार्टलेवर चालून गेले. धुकें अवचित विरलें, तोफा सुरू झाल्या, आणि ते पडले. त्यांच्या बाजूनें लढणारा नरोन्हा नांवाचा एक पोर्तुगीज अधिकारी त्याच लढाईंत जखमी झाला.