तळटीप १२ : अंतरिम मनाई हुकूम आणि एर्लोटिनिबचा खटला

अंतरिम मनाई हुकूम, म्हणजे दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत प्रतिवादीला विशिष्ट कृती करण्यापासून रोखणारा आदेश, देताना पेटंटच्या दाव्यात सार्वजनिक हिताला किती वजन द्यावे, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे रोश विरुद्ध सिप्ला या खटल्यात ठळकपणे आला. फुप्फुसाच्या कर्करोगावरील एर्लोटिनिब या औषधाची पेटंटधारक रोश कंपनीची गोळी सुमारे ४,८०० रुपयांना, तर मुंबईच्या सिप्लाची सुमारे १,६०० रुपयांना मिळत होती. न्या. रवींद्र भट यांनी मार्च २००८मध्ये मनाई नाकारली आणि मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा व न्या. एस. मुरलीधर यांच्या खंडपीठाने एप्रिल २००९मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पेटंटच्या वैधतेलाच सबळ आव्हान असताना स्वस्त औषध बंद झाल्यास रुग्णांची होणारी हानी पैशाने भरून निघणारी नाही, कंपनीचे नुकसान मात्र भरून देता येते, असा त्यामागील विचार होता. या खटल्याचा दाखला बहुधा येथेच थांबवला जातो, आणि ते दिशाभूल करणारे आहे : २०१५मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने सिप्लाने पेटंटचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला, परंतु पेटंटची वीस वर्षांची मुदत मार्च २०१६मध्ये संपत असल्याने विक्रीला मनाई न करता केवळ नफ्याचा हिशेब सादर करण्यास सांगितले.