सीताबर्डी, १८१७ : दोन टेकड्यांवर ठरलेले राज्य

१/ तुमसर तालुक्यातील आंबागड किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या काळात, इ.स. १७०० च्या सुमारास, राजा खान पठाणाने बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. असे दुर्ग हाती असूनही भोसल्यांच्या राज्याचे भवितव्य ठरले ते नागपूरजवळच्या दोन उघड्या टेकड्यांवर.

२/ मे १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबरला, खडकीवर पेशवे आणि इंग्रज यांच्यात लढाई जुंपली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे जाहीरपणे स्वीकारली.

३/ रेसिडेंट जेन्किन्सची फौज सीताबर्डीवर सरकली. एक टेकडी मोठी, दुसरी लहान. मधे खोलगट खिंड. अंतर बंदुकीच्या टप्प्यातले. म्हणजे लहान टेकडी पडली की मोठीवर थेट मारा. वर दीड हजारांहून कमी शिपाई. समोर सुमारे अठरा हजार सैन्य आणि ३६ तोफा.

४/ २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला, तो रात्रभर चालला. २७ च्या सकाळी भोसल्यांच्या अरब पायदळाने लहान टेकडी जिंकली आणि तिथलीच तोफ मोठीकडे वळवली. विजय हाताशी आला होता.

५/ मात्र त्यांच्या पाठीशी दुसरी फळी वेळेवर आली नाही. तेवढ्यात पायथ्याच्या मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डने कर्नल स्कॉटचा होकार नसतानाही जबाबदारी स्वतःवर घेऊन हल्ला चढवला. अवघ्या तीन तुकड्यांच्या घोडदळाने भोसल्यांचे स्वार उधळले आणि दोन तोफा हिसकावल्या.

६/ इ.स.पू. ३३१ मध्ये गौगामेला येथे अलेक्झांडरने दारयवहूच्या फळीतील फट हेरून तिथेच घोडदळ घुसवले होते. सीताबर्डीचा पट कितीतरी लहान, पण संख्येपेक्षा नेमकी वेळ मोलाची ठरली ती तशीच.

७/ त्याच सुमारास लहान टेकडीवर दारूगोळ्याची गाडी उडाली. अरबांत गोंधळ माजला आणि इंग्रजांच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली. इंग्रजांचे मृत आणि जखमी मिळून ३६७. जवळपास चौघांमागे एक.

८/ आप्पासाहेबांनी त्यानंतर वकील पाठवून कळवले, की हल्ला आपल्या हुकमाने झालाच नाही. ज्या अरबांनी टेकडी जिंकली, त्यांच्या धन्याने लढाईच नाकारली. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले. अरब मात्र ३० डिसेंबरपर्यंत नागपूर शहर लढवत राहिले.

९/ सीताबर्डीचा किल्ला आज लष्कराकडे आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो सर्वांसाठी खुला असतो. तिथे गेलात, तर मोठ्या टेकडीवर उभे राहून लहान टेकडीकडे पाहा. अंतर किती थोडे होते, ते तिथेच कळते.