बक्षिसांचा फळा, बडोद्याची शिष्यवृत्ती आणि आमची दहावीची बॅच

२०२४ साली आमच्या दहावीच्या बॅचला चाळीस वर्षं पूर्ण झाली. बडोद्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतली आम्ही मुलं. हजेरीपटावर ६२ नावं होती. स्नेहमेळावा करायचा ठरला तेव्हा पहिली बैठक कमाटीबागेत भरली. आलो आठ जण. तारीख ठरवण्यातच तास गेला. उत्तरायणात पतंग, नवरात्रात गरबा, मे महिन्यात नातवंडं! शेवटी डिसेंबरचा एक रविवार नक्की झाला आणि मंडळी सेव-उसळ खायला उठली. उठता उठता एकाने माझ्या गळ्यात काम घातलं, "तू इतिहास मंडळात लेख वाचतेस ना, मग शाळेतून जुनी कागदपत्रं काढायचं तुझ्याकडे."

हा लेख त्या कामातून निघाला.

पत्ते शोधायला शाळेत गेले, तर सभागृहात रंगमंचाच्या पडद्यामागे एक सागवानी फळा दिसला. वर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'स्मृति-पारितोषिके'. खाली सात नावं. कुणाच्या आईच्या स्मरणार्थ, कुणाच्या मुलाच्या, एक नाव एका शिक्षकांचं. शाळेत असताना आम्ही या फळ्याला पाठ टेकून नाटकाच्या तालमी केल्या, पण एकही नाव वाचलं नव्हतं. ऑफिसातल्या भाऊंनी ठेवींची जुनी वही काढून दिली. तिसऱ्या नावापुढे नोंद होती: १९५८, कायम ठेव २५१ रुपये, व्याजातून दर वर्षी सातवीत पहिल्या येणाऱ्या मुलीस पुस्तके. व्याज वर्षाला १० रुपयांच्या आसपास. पुढे तीस-पस्तीस वर्षं नोंदी आहेत, मग थांबतात. भाऊ म्हणाले, "ताई, आज त्या ठेवीवर व्याज येतं सोळा-सतरा रुपये. त्यात एक वहीसुद्धा येत नाही. मग काय द्यायचं?"

घरी आल्यावर आत्याला फोन लावला. ती त्याच शाळेतली. मी नाव उच्चारताच ती म्हणाली, "अगं, ते बक्षीस मला मिळालं होतं! इतिहास-भूगोलाची पुस्तकं आली होती त्यातून. एरवी मी वापरलेलीच पुस्तकं घ्यायचे, त्या वर्षी पहिल्यांदा कोरी." त्या बाई कोण होत्या हे आत्याला ठाऊक नाही. पण साठ वर्षांनंतरही त्यांचं नाव तिला आडनावासकट पाठ होतं. बक्षीस ठेवणाऱ्या घराला आणखी काय हवं असेल?

मराठी माणसाला स्मरणार्थ शिष्यवृत्ती म्हटलं की एक नाव हमखास आठवतं, जगन्नाथ शंकरशेट. नाना शंकरशेट १८६५ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला दिली जाणारी शिष्यवृत्ती पुढच्या पिढ्यांत इतकी प्रतिष्ठेची झाली की माणसाची ओळख करून देतानाही तिचा उल्लेख होई. चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ साली मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, केंद्रात अर्थमंत्री झाले, तरी चरित्रकार ही शिष्यवृत्ती सांगायला विसरत नाहीत. बडोद्याचं कॉलेज १९४९ पर्यंत, म्हणजे इथे स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीला हे नाव परकं नव्हतं. एका गृहस्थाचं नाव टिकलं, कारण दर वर्षी एका नव्या मुलाच्या नावाशेजारी ते पुन्हा लिहिलं गेलं.

पण ही झाली हुशारीची शिष्यवृत्ती. बडोद्याच्या मातीतली शिष्यवृत्ती वेगळी. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. त्याच दरबारातून एका मुंबईच्या विद्यार्थ्याला कॉलेजसाठी महिना २५ रुपये मिळू लागले. शब्द टाकणारे होते कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी, आणि विद्यार्थी भीमराव आंबेडकर. १९१३ मध्ये त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरता मंजूर झाली. बदल्यात करार असा की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची.

इथपर्यंतची गोष्ट आम्ही बडोदेकर अभिमानाने सांगतो. पुढची सांगताना आवाज खाली येतो. १९१७ मध्ये आंबेडकर करार पाळायला बडोद्याला आले. कोलंबियात शिकलेला हा माणूस, पण गावात त्यांना राहायला जागा मिळेना. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनीच लिहून ठेवलंय. पारशांच्या धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिश्चन मित्र, दोघांकडे विचारून झालं, सोय झाली नाही. मुंबईच्या गाडीला वेळ होता. तो वेळ त्यांनी काढला कमाटीबागेत. आज तिथे संकल्पभूमी आहे. आमची स्नेहमेळाव्याची पहिली बैठक त्याच बागेत झाली होती, हे माझ्या लक्षात आलं ते हे सगळं पुन्हा वाचताना.

दरबाराने पैसे दिले, बोट दिली, पद दिलं. गावाने एक खोली दिली नाही.

हे मी बॅचच्या दुसऱ्या बैठकीत सांगितलं, त्याला कारण होतं. यादी करताना कळलं की ६२ पैकी पाच जण गेले. त्यात आमच्या वर्गात पहिली येणारी मुलगी होती. डभोईकडच्या खेड्यातली, शिकायला वाडीत मामाकडे राहिलेली. दहावीला तिला गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली, मास्तरांनी वर्गात पेढे वाटले. पुढे ती दिसली नाही. लग्न झालं असेल, असं आम्ही धरून चाललो. आता तिच्या भावाशी बोलणं झालं तेव्हा समजलं, त्या जूनमध्ये मामांची बदली झाली होती. पैसे मंजूर होते, बडोद्यात राहायचं कुठे एवढाच प्रश्न होता. दोन महिने वाट पाहून ती गावी परत गेली. २०१९ मध्ये आजारपणात वारली.

या दोन गोष्टी मी एका तराजूत घालत नाही. आंबेडकरांना जागा नाकारली गेली ती जातीमुळे, ठरवून आणि काठ्या दाखवून. आमच्या मैत्रिणीला कुणी नाकारलं नव्हतं. आम्हाला माहीतच नव्हतं. पण दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आमच्यापैकी कितीतरी जणांची घरं मोठी होती, एक गादी जास्तीची सहज पडली असती. तिने विचारलं नाही, आणि "तू पुढे कुठे राहणार?" असं आम्हीही विचारलं नाही. बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग हिशोब सुरू झाला. हॉटेलात जेवणाचं ताट १,४०० रुपयांना पडत होतं. शाळेचं सभागृह घेऊन आचारी बोलावला तर ३५०. "चाळीस वर्षांनी भेटतोय, आता तरी थाटात करू," असं म्हणणारेही होते आणि त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी पुरणपोळी शाळेतच झाली. ४५ जणांच्या ताटांमागे वाचलेले ४७,२५० रुपये ठेवीत पहिले पडले. परदेशातल्या दोघांनी आणि इथल्या बऱ्याच जणांनी भर घातली. वर्षअखेर ४ लाख जमले.

फळ्यावरच्या सात नावांनी जे शिकवलं ते आम्ही कागदावर लिहून घेतलं. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २८,००० रुपये. त्यातले २१,००० द्यायचे, ७,००० मुद्दलात परत टाकायचे. महागाईपुढे तेवढं पुरणार नाही, म्हणून दर पाच वर्षांनी बॅचने मुद्दलात भर घालायची. शिष्यवृत्ती एकाच विद्यार्थ्याला अकरावी-बारावी अशी दोन वर्षं. पहिला नंबर ही अट नाही, निवड वर्गशिक्षक करतील. आणि मुख्य कलम म्हणजे बॅचमधले दोघं जण त्या मुलाचे किंवा मुलीचे पालक म्हणून नेमायचे. महिन्यातून एकदा घरी जायचं, राहण्या-जेवणाची, जाण्या-येण्याची चौकशी करायची. दर डिसेंबरात याच हिशोबासाठी भेटायचं. तोच आमचा स्नेहमेळावा.

नाव कुणाचं द्यायचं यावर थोडा वाद झाला. तिच्या भावाने परवानगी दिली, पण म्हणाला, बाकीच्या चौघांचीही नावं लिहा, तिला एकटीला बरं वाटणार नाही. फळ्यावर आता पाच नावांची एक ओळ आहे. जुन्या सात नावांवरचा रंगही आम्ही परत उजळून घेतला. २५१ रुपयांच्या त्या ठेवीत आत्याने आपली भर घातली आणि सातवीच्या मुलीला यंदा पुन्हा कोरी पुस्तकं मिळाली.

वाचकांना एक विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, कुठल्याही गावच्या जुन्या मराठी शाळेत असा फळा असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवा. नावं, वर्षं, ठेवीची रक्कम आणि अटी उतरवून घ्या. शाळा बंद पडते किंवा इमारत पाडली जाते तेव्हा हे फळे पहिले जातात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुम्हाला कुणाच्या नावाचं बक्षीस मिळालं होतं? आमच्या आत्यासारखं नाव पटकन तोंडावर येईल.