'फातिगा' म्हणजे थकवा की दमा? स्पॅनिश-इंग्रजी भाषांतरात श्वासाचे आजार कुठे अडकतात?

समजा, न्यूयॉर्कमधल्या एका दवाखान्यात एक आई तिच्या लहान मुलाला घेऊन आली आहे. ती मूळची प्वेर्तो रिकोची. ती स्पॅनिशमध्ये सांगते, "याला रात्री फातिगा झाली होती." सोबत आलेल्या नातेवाइकाला थोडंफार इंग्रजी येतं. तो डॉक्टरांना सांगतो, मुलाला रात्री 'फटीग' होता. म्हणजे डॉक्टरांच्या मते मुलगा थकला होता.

आईला मात्र वेगळंच सांगायचं होतं. प्वेर्तो रिकोच्या बोलीभाषेत 'फातिगा' म्हणजे धाप लागणं, दम्याचा झटका येणं. शब्दकोश उघडला तर 'फातिगा'चा पहिला अर्थ थकवा असाच दिसेल. त्यामुळे नातेवाइकाने शब्द बरोबर सांगितला, पण आजार चुकीचा पोहोचला.

ही गोष्ट किरकोळ नाही. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. तिथे प्वेर्तो रिकन वंशाच्या लोकांमध्ये दम्याचं प्रमाण इतर बहुतेक समाजगटांपेक्षा जास्त आहे. म्हणजे ज्या समाजात हा आजार जास्त, त्याच समाजाचा त्यासाठीचा रोजचा शब्द भाषांतरात हरवू शकतो.

सर्दी झाली की पोट साफ नाही?

सगळ्यात प्रसिद्ध गोंधळ 'कोन्स्तिपादो' या शब्दाचा आहे. स्पेनमध्ये कोणी 'मी कोन्स्तिपादो आहे' म्हणालं, तर त्याला सर्दी झालेली असते. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत याच शब्दाचा अर्थ बद्धकोष्ठता असा घेतात. इंग्रजीतल्या 'कॉन्स्टिपेटेड'चा अर्थही तोच.

या शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ 'दाबून गच्च भरणं' असा. स्पेनमध्ये नाक गच्च झालं, इतरत्र पोट. त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला फक्त शब्द ऐकून चालत नाही, रुग्ण कोणत्या देशाचा आहे हेही बघावं लागतं.

फ्लूचंही तसंच. स्पेनमध्ये फ्लूला 'ग्रिपे' म्हणतात. मेक्सिको आणि कोलंबियात 'ग्रिपा' हा शब्द चालतो, पण मेक्सिकोत साध्या सर्दी-पडशालाही लोक सर्रास 'ग्रिपा'च म्हणतात. खऱ्या फ्लूसाठी तिथे 'इन्फ्लुएन्सा' हा वेगळा शब्द आहे. अशा रुग्णाच्या 'ग्रिपा'चं भाषांतर थेट 'फ्लू' केलं, तर डॉक्टर वेगळ्याच दिशेने विचार करतील. उलटही घडू शकतं. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. गोंधळात वेळ गेला, तर तो फायदा कमी होतो.

एक आजार, अनेक नावं

आपण ज्याला डांग्या खोकला म्हणतो, त्याला स्पेन आणि मेक्सिकोत 'तोस फेरिना' म्हणतात. 'तोस' म्हणजे खोकला आणि 'फेरिना' म्हणजे हिंस्र जनावरासारखा. अर्जेंटिनात याच आजाराला 'तोस कोन्बुल्सा', म्हणजे झटके देणारा खोकला म्हणतात. फ्रेंचमधून आलेलं 'कोकेलुचे' हे नावही दक्षिण अमेरिकेत ऐकू येतं. लसीकरणाच्या पत्रकावर यापैकी एकच नाव छापलं, तर दुसऱ्या देशातून आलेल्या पालकांना ही लस कशासाठी आहे ते कळेलच असं नाही.

न्यूमोनियासाठी डॉक्टर 'नेउमोनिया' म्हणतात, घरात 'पुल्मोनिया' म्हणतात. आजार एकच. पण 'मला पुल्मोनिया झाला होता, नेउमोनिया नाही' असं रुग्णाला वाटू शकतं.

लघुरूपंही बदलतात. सिगारेट किंवा धुरामुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराला इंग्रजीत 'सीओपीडी' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'एपोक'. लहान बाळांना त्रास देणारा 'आरएसव्ही' विषाणू स्पॅनिशमध्ये कुठे 'व्हीआरएस' तर कुठे 'व्हीएसआर' होतो. जुन्या रिपोर्टमधली ही अक्षरं तशीच ठेवली, तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही.

छातीतला आवाज सांगायचा कसा?

दम्याचं एक मुख्य लक्षण म्हणजे श्वास घेताना किंवा सोडताना येणारा शिट्टीसारखा आवाज. इंग्रजीत त्याला 'व्हीझ' म्हणतात. स्पॅनिशमध्ये वैद्यकीय शब्द आहे 'सिबिलान्सियास', पण सामान्य माणूस तो क्वचितच वापरतो. तो म्हणतो, छातीत 'सिल्बिदो' होतो किंवा 'पितो' वाजतो. दोन्हींचा अर्थ शिट्टी.

जगभरातल्या मुलांमधल्या दम्याचा अभ्यास करणाऱ्या 'आयझॅक' या प्रकल्पापुढेही हाच प्रश्न होता. त्याच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यात ५६ देश होते, भारतही होता. इतक्या भाषांमध्ये 'व्हीझ'साठी नेमका शब्द कुठून आणणार? म्हणून लेखी प्रश्नांच्या जोडीला व्हिडिओ वापरला गेला. १३-१४ वर्षांच्या मुलांना दम लागलेल्या व्यक्ती दाखवायच्या आणि विचारायचं, 'तुझा श्वास कधी असा झालाय का?' जिथे शब्द अडतो, तिथे लक्षणच दाखवायचं, असा हा सोपा उपाय.

औषध घेतानाही घोळ

निदान बरोबर झालं तरी पुढे औषध असतं. प्वेर्तो रिकोत इनहेलरला 'पोम्पा' म्हणतात, म्हणजे पंप. नेब्युलायझरने वाफ देण्याला 'तेरापिया' देणं म्हणतात. 'मुलाला काल दोनदा तेरापिया दिली' याचं भाषांतर 'थेरपी दिली' असं केलं, तर इंग्रजी बोलणाऱ्याला समुपदेशन आठवू शकतं. इनहेलरच्या एका पफसाठी लॅटिन अमेरिकेत 'दिस्पारो' हा शब्द चालतो. त्याचा शब्दशः अर्थ गोळी झाडणं, तीही बंदुकीतून!

सगळ्यात धोकादायक शब्द मात्र छोटासा आहे. इंग्रजीतला 'वन्स', म्हणजे एकदा, आणि स्पॅनिशमधला 'ओन्से', म्हणजे अकरा. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग अगदी एकच. बाटलीवरच्या स्पॅनिश मजकुरात हा इंग्रजी शब्द तसाच राहिला, तर 'दिवसातून एकदा'चं 'दिवसातून अकरा वेळा' होतं. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या औषध दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉम्प्युटरने तयार केलेली स्पॅनिश लेबलं तपासली, तेव्हा जवळपास निम्म्या लेबलांमध्ये चुका होत्या.

चुका किती होतात?

२००३ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. बालरुग्ण विभागातल्या १३ भेटींमधलं स्पॅनिश-इंग्रजी संभाषण रेकॉर्ड करून तपासलं होतं. त्यात एकूण ३९६ चुका सापडल्या, म्हणजे एका भेटीत सरासरी ३१. त्यातल्या ६३ टक्के चुकांचा उपचारांवर परिणाम होऊ शकला असता. घरचे किंवा इतर हाताशी असलेले लोक दुभाषे होते, तिथे हे प्रमाण ७७ टक्के होतं. रुग्णालयाच्या दुभाष्यांकडून झालेल्या चुकांमध्ये ते ५३ टक्के होतं. एका भेटीत तर दुभाषा होता ११ वर्षांचा भाऊ किंवा बहीण.

मशीनवर सोडून देणंही महागात पडतं. जानेवारी २०२१ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या आरोग्य विभागाच्या वेबसाइटवर कोव्हिड लस बंधनकारक नाही, अशी माहिती इंग्रजीत होती. गूगल ट्रान्सलेटने केलेल्या स्पॅनिश भाषांतरात ती 'लस गरजेची नाही' अशी झाली. एका शब्दाने सूचनेचा सूरच बदलला.

नियम काय सांगतात?

अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना इंग्रजी न येणाऱ्या रुग्णांसाठी भाषेची सोय करावी लागते. त्याचा पाया १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे. 'ॲफोर्डेबल केअर ॲक्ट'च्या कलम १५५७ खालचे २०१६ चे नियम आणखी स्पष्ट होते: दुभाषा पात्र हवा आणि आणीबाणी सोडून लहान मुलांना दुभाषा बनवायचं नाही. २०२४ च्या नियमांनी त्यात भर घातली. महत्त्वाच्या मजकुराचं मशीनने केलेलं भाषांतर पात्र माणसाने तपासायला हवं.

मराठीतही असंच होतं

इंग्रजीत 'कफ' म्हणजे खोकला. मराठीत कफ म्हणजे छातीतून पडणारा बेडका. 'कफ आहे का?' या प्रश्नाचं उत्तर दोन भाषांत वेगळं असू शकतं. कोरडा खोकला असलेला माणूस मराठीत 'कफ नाही' म्हणेल आणि ते खरंच असेल. तसंच 'दम लागतो' आणि 'दमा आहे' यातही फरक आहे. पहिलं लक्षण आहे, दुसरा आजार. दम लागण्याचं कारण हृदय किंवा रक्तक्षयही असू शकतं.

म्हणून दुसऱ्या भाषेच्या डॉक्टरांकडे जाताना आजाराचं नाव सांगण्यावर थांबू नका. काय होतं ते सांगा: खोकताना काही पडतं का, त्याचा रंग कसा, रात्री झोपेतून उठून बसावं लागतं का, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो का, जिना चढताना किती पायऱ्यांवर थांबावं लागतं. आणि औषध घेऊन निघण्यापूर्वी ते कधी, किती आणि कसं घ्यायचं हे आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगून बघा. चूक झालीच असेल, तर ती तिथेच सापडेल.