पाहिलेले मोजत नाहीत

शस्त्रक्रियेचा इतिहास सर्जनच्या नावाने लिहिला जातो. सर्जनच्या हातात नेमके अवजार ठेवणाऱ्या हाताचा इतिहास मी शोधू लागलो, तेव्हा तो मला युद्धात सापडला. दुसऱ्या महायुद्धात जखमींच्या मानाने परिचारिका अपुऱ्या पडल्या. लढाऊ जहाजांवर तर त्या नसतच. तेव्हा अमेरिकी सैन्याने वैद्यकीय पथकातील जवानांनाच टेबलाशी उभे केले. युद्धानंतर बऱ्याच इस्पितळांत नवा माणूस जुन्याचे पाहत पाहतच शिके. १९६९ मध्ये या तंत्रज्ञांची संघटना स्थापन झाली आणि पुढे शिक्षणाला नियम आले.

आजच्या अमेरिकी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला किमान १२० शस्त्रक्रियांत प्रत्यक्ष काम करावे लागते. त्यांपैकी ८० मध्ये मुख्य स्क्रब म्हणून. त्यासाठी पाच कामे त्याने स्वतः करायची : साहित्य तपासणे, निर्जंतुक टेबल मांडणे, गॉज-सुया-अवजारांची सहकाऱ्याबरोबर मोजणी करणे, अवजारे हाती देणे, निर्जंतुकता राखणे. एक जरी राहिले, तरी ती शस्त्रक्रिया ८० मध्ये धरत नाहीत. नुसती पाहिलेली नोंदवतात, पण १२० मध्ये मोजत नाहीत.

अट कडक वाटेल. पण मोजणीत एक गॉज चुकला, तर तो रुग्णाच्या पोटात राहू शकतो. भूल दिलेल्या रुग्णाला विचारता येत नाही, की या हाताने आजवर किती वेळा मोजले आहे. त्याच्या वतीने हा प्रश्न नियम विचारतो.