सहलीआधीची शाळा

फेब्रुवारी 1886 मध्ये तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेचे 99 विद्यार्थी चिबाच्या समुद्रकाठी असलेल्या चोशीकडे निघाले. सरकारला हवी होती लष्करी संचलनाची तालीम. शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांचा शाळांतल्या कवायतीवर मोठा भर होता. शाळेने मात्र त्या पायपिटीला अभ्यासाची जोड दिली. जपानमधल्या ‘शूगाकु र्योको’ची, म्हणजे अभ्याससहलीची, सुरुवात सहसा इथूनच मोजतात.

सहलीने समुद्रही लवकरच ओलांडला. 1896 मध्ये नागासाकीच्या व्यापारी शाळेची मुलं शांघायला गेली. दहा वर्षांनी, रशियाशी झालेलं युद्ध संपून वर्षही उलटलं नव्हतं तोच, लष्कर आणि शिक्षण खातं यांनी मिळून विद्यार्थ्यांना मांचुरियातली रणांगणं दाखवायला नेलं. तिथे काय पाहायचं हे ठरलेलं होतं, आणि ते पाहून काय वाटायला हवं हेही. सहलीपूर्वीची तयारी किती दूरवर पोचू शकते, हे या प्रवासांइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सहली बंद पडल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अन्नधान्याचं रेशनिंग होतं. मुलं आपापल्या वाटणीचे तांदूळ पिशवीत घालून न्यायची आणि मुक्कामी पोचल्यावर स्वयंपाकघरात जमा करायची.

मग 11 मे 1955 उजाडला. सेतोच्या समुद्रात दाट धुकं होतं. ताकामात्सुहून निघालेल्या ‘शिउन मारू’ या बोटीची दुसऱ्या बोटीशी टक्कर झाली आणि ती काही मिनिटांतच बुडाली. 168 जण गेले; त्यांतली 100 सहलीला निघालेली शाळकरी मुलं होती, आणि त्यांत मुलींची संख्या फार मोठी. या दुर्घटनेनंतर शाळांमधून पोहणं शिकवण्याला जोर आला, आणि समुद्रावर पूल हवा ही मागणीही वाढली. तो पूल 1988 मध्ये खुला झाला. त्याच्या कितीतरी आधी, 1959 पासून, जमिनीवर ‘हिनोदे’ आणि ‘किबो’ या खास सहलीच्या रेल्वेगाड्या धावू लागल्या होत्या.

जपानी शिक्षक आज जी तयारी करतात, तिच्यामागे हा सगळा इतिहास आहे. शिक्षक आधी स्वतः जाऊन जागा पाहून येतात: आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठली, शंभर-दीडशे मुलं रस्ता ओलांडणार कुठून, स्वच्छतागृहं पुरतील का. मग ‘शिओरी’ नावाची छोटी पुस्तिका तयार होते. तिच्यात वेळापत्रक असतं, गट आणि खोल्यांची वाटणी असते, सामानाची यादी असते आणि खर्चाला किती पैसे न्यायचे त्याची मर्यादाही. क्योतोला जायचं असेल तर पाच-सहा जणांचा गट नकाशा पुढ्यात घेऊन बसतो आणि कुठलं देऊळ आधी, कुठली बस पकडायची हे स्वतः ठरवतो. शिक्षक चुका दाखवतात, पण आराखडा मुलांचाच राहतो. संचलनाच्या तालमीतून जन्मलेल्या प्रथेत मुलांच्या हाती एवढं स्वातंत्र्य यावं, ही मोठीच मजल आहे.

हिरोशिमाची तयारी वेगळी. तिथे जाण्याआधी कित्येक वर्गांत कागदी बगळ्यांच्या माळा ओवल्या जातात. अणुबॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली सादाको सासाकी आजारपणात असेच कागदी बगळे घडवत राहिली आणि 1955 मध्ये, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेऊन निधी उभा केला आणि त्यातून 1958 मध्ये मुलांचं शांतिस्मारक उभं राहिलं. तिथे बगळे वाहायला आता परदेशी शाळाही येतात. मात्र कहाणी ऐकल्याशिवाय आलेल्या मुलाला तिथे रंगीत कागदच दिसणार.

आता शिक्षकांपुढे नवी अडचण आहे. स्वतः बॉम्ब अनुभवलेले साक्षीदार वृद्ध झाले आहेत, एकेक करून जात आहेत. त्यांच्या आठवणी पुढे सांगू शकतील अशी माणसं घडवण्याचं काम हिरोशिमा शहराने 2012 मध्ये हाती घेतलं, आणि 2015 पासून ती श्रोत्यांपुढे बोलू लागली. जे बोलणाऱ्याने स्वतः सोसलेलं नाही ते त्याच्या तोंडून कसं ऐकायचं, त्याला काय विचारायचं, याची तयारी आता वर्गात करून घ्यावी लागते.